व्होल्टेज दुप्पट केले तरी आउटपुट दुप्पट का येऊ नये: मेम्स सेन्सर आणि सर्किटचे एकत्र मॉडेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी सिलिकॉनचा कपॅसिटिव्ह ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा मेम्स, म्हणजे चिपवरचा सूक्ष्म यांत्रिक सेन्सर) कॉम्सॉल या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन केला. विस्थापनानुसार बदलणाऱ्या कपॅसिटन्सचे टेबल काढले, ते स्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये बदलत्या कपॅसिटरच्या रूपात टाकले आणि पुढे चार्ज ॲम्प्लिफायर जोडला. मोड्युलेशनचे व्होल्टेज १.६५ वरून ३.३ व्होल्ट केले की आउटपुट बरोबर दुप्पट येते. गाईड म्हणतात, असे होता कामा नये. चूक कुठे आहे? कॉम्सॉल आणि स्पाइस थेट जोडून चालवले तर ती सुटेल का?

गाईडचे बरोबर आहे. तुमच्या मॉडेलमध्ये यंत्र सर्किटला काहीतरी सांगते, पण सर्किट यंत्राला काहीच सांगत नाही. प्रत्यक्षात फिंगरवर (हलत्या वस्तुमानाच्या कंगव्यासारख्या दात्यावर) व्होल्टेज लावले की ती फिंगर ओढली जाते. मोजण्यासाठी लावलेले व्होल्टेजसुद्धा ओढतेच. हे बल मॉडेलमध्ये नसेल तर तुमचा सेन्सर व्होल्टेजबाबत ठार बहिरा आहे.

आकडे घेऊन बघू. तुमचे डिझाइन माझ्यासमोर नाही, म्हणून त्याच जातीचे एक घेतो. एसओआय (इन्सुलेटरवर सिलिकॉन) वेफरचा २५ मायक्रोमीटर जाडीचा थर, १००० बाय ५०० मायक्रोमीटरचे वस्तुमान. ते साधारण २९ मायक्रोग्रॅम भरते. रेझोनन्स ५ किलोहर्ट्झ ठेवायचा तर स्प्रिंगचा कडकपणा २८.७ न्यूटन प्रति मीटर हवा. १ जी त्वरणाला वस्तुमान सरकते जेमतेम १० नॅनोमीटर. दोन्ही बाजूंना ५०-५० फिंगर, प्रत्येकीचा समोरासमोरचा भाग २०० मायक्रोमीटर, गॅप २ मायक्रोमीटर. एका बाजूचा कपॅसिटन्स १.१ पिकोफॅरड येतो आणि १ जी ला दोन बाजूंमधला फरक ११ फेम्टोफॅरड पडतो.

आता दोन्ही स्थिर इलेक्ट्रोडवर उलट फेजमध्ये चौकोनी लहर लावा आणि वस्तुमान ॲम्प्लिफायरच्या व्हर्च्युअल ग्राउंडवर (शून्य व्होल्टला) ठेवा. मध्यभागी दोन्ही ओढी समान असतात, त्यामुळे वरवर पाहता काही घडत नाही. पण वस्तुमान एका बाजूला किंचित सरकले की त्या बाजूची ओढ वाढते आणि दुसरीकडची कमी होते. म्हणजे ही एक उलट्या चिन्हाची स्प्रिंग झाली. तिचा कडकपणा वरच्या मापांत ०.५५ गुणिले व्होल्टेजचा वर्ग इतका येतो. १.६५ व्होल्टला तो १.५ न्यूटन प्रति मीटर, म्हणजे मूळ स्प्रिंगच्या ५ टक्के. ३.३ व्होल्टला तो ६ होतो, म्हणजे २१ टक्के. रेझोनन्स ५ वरून ४.४५ किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो आणि तेवढ्याच त्वरणाला वस्तुमान जास्त सरकते. म्हणून व्होल्टेज दुप्पट केल्यावर आउटपुट २.४ पट यायला हवे. ७.२ व्होल्टला उलटी स्प्रिंग खऱ्या स्प्रिंगइतकी होते आणि वस्तुमान कुठल्या तरी एका बाजूला जाऊन आदळते. एकाच बाजूला व्होल्टेज लावले तर ही वेळ आणखी लवकर, ५.५ व्होल्टलाच येते, आणि तेव्हा फिंगरने गॅपचा एक तृतीयांश भाग ओलांडलेला असतो. या आदळण्याचे, म्हणजे पुल-इनचे, गणित नवे नाही. वेस्टिंगहाऊसमधल्या हार्वी नॅथन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६७ च्या रेझोनंट गेट ट्रान्झिस्टरवरच्या लेखात ते मांडले होते, मेम्स हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी.

यावर उपाय म्हणून बहुतेक जण काय करतात? कॉम्सॉलमधून बलाचे दुसरे टेबल काढतात आणि तेही स्पाइसमध्ये टाकतात. हे करू नका. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्यावर उभे आहे: करंट आणि बल, दोन्ही एकाच कपॅसिटन्सच्या सूत्रातून निघाले पाहिजेत. कपॅसिटन्स हे विस्थापनाचे एक फलन. त्याला व्होल्टेजने गुणले की चार्ज, आणि चार्जचा कालानुसार बदल म्हणजे करंट. त्याच फलनाचा विस्थापनानुसार उतार काढून व्होल्टेजच्या वर्गाच्या निम्म्याने गुणला की बल. कपॅसिटन्स एका टेबलातून आणि बल दुसऱ्या टेबलातून घेतले, तर दोघांत अर्ध्या-एक टक्क्याची तफावत राहतेच. मग प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा शून्यातून येते किंवा शून्यात जाते. डॅम्पिंग भरपूर असेल तर हे कळतही नाही. क्यू (कंपन किती काळ टिकते त्याचे माप) १०,००० असलेला रेझोनेटर असेल तर तो कारण नसताना ऑसिलेट होऊ शकतो, आणि विद्यार्थी आनंदाने लिहितो की लूप गेन पुरेसा आहे.

दुसरी चूक याहून लपलेली. करंट म्हणून ‘कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा डेरिव्हेटिव्ह’ लिहिले जाते. कपॅसिटन्स स्थिर असेल तर ते ठीक. तो हलत असेल तर आणखी एक पद येते: व्होल्टेज गुणिले कपॅसिटन्सचा डेरिव्हेटिव्ह. तुमच्या सर्किटमध्ये वेगवान कॅरिअर (तीच चौकोनी लहर) आहे, म्हणून पहिल्या पदानेच बरेचसे आउटपुट मिळते आणि चूक दिसत नाही. उद्या हेच मॉडेल डीसी बायसवर चालणाऱ्या मायक्रोफोनला किंवा रेझोनेटरला वापराल तर सिग्नल शून्य येईल, कारण तिथे सगळा सिग्नल दुसऱ्या पदातच असतो. व्हेरिलॉग-ए या मॉडेल लिहिण्याच्या भाषेत डीडीटीच्या (काळानुसार डेरिव्हेटिव्ह काढणाऱ्या फलनाच्या) कंसात कपॅसिटन्स आणि व्होल्टेजचा गुणाकार पूर्ण आत ठेवा, विषय संपला. नुसत्या स्पाइसमध्ये असाल तर एक मदतनीस नोड घ्या. बिहेवियरल सोर्सने त्यावर चार्जच्या किमतीइतके व्होल्टेज द्या, नोडला एकक कपॅसिटर जोडा आणि त्यातून वाहणारा करंट मूळ शाखेत उतरवा.

मॉडेल बरोबर लिहिले की नाही, ते तपासायला छोट्या सिग्नलची एक चाचणी पुरते. वस्तुमान मध्यभागी धरून एका बाजूला ३.३ व्होल्ट डीसी द्या. वरच्या मापांत १ व्होल्टच्या छोट्या एसी सिग्नलला १.८ मायक्रोन्यूटन बल आले पाहिजे. आता उलटे करा. व्होल्टेज तेच ठेवून वस्तुमानाला १ मीटर प्रति सेकंदाचा एसी वेग द्या, करंट १.८ मायक्रोॲम्पिअर आला पाहिजे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुढे ॲम्प्लिफायर जोडण्यात अर्थ नाही.

टेबलाबद्दल आणखी थोडे. १० नॅनोमीटरच्या पावलावर तुमचा कपॅसिटन्स अर्धा टक्का बदलतो. प्रत्येक पावलाला कॉम्सॉलने जाळी नव्याने विणली आणि त्यातून ०.१ टक्क्याची कुरबुर आली, तर उताराच्या किमतीत २० ते ४० टक्क्यांचा गोंधळ होतो. बल तर उतारावरच अवलंबून आहे. म्हणून टेबल जसेच्या तसे वापरण्याऐवजी त्यातून सूत्र बसवा: समांतर प्लेटचे पद, अधिक कडांच्या क्षेत्रासाठी एक-दोन पदे. पाच-सात बिंदू, पण एकच जाळी विरूप करत नेऊन काढलेले, हे पन्नास बिंदूंपेक्षा बरे.

आता टॉलरन्स, म्हणजे सिम्युलेटर किती फरक नगण्य धरतो ते. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मॉडेल बरोबर असूनही उत्तर चुकते ते इथेच. स्पाइस जन्मले बर्कलीत, १९७० च्या दशकात, व्होल्ट आणि मिलिॲम्पिअरच्या जगात. व्हीएनटॉलची, म्हणजे नोडच्या व्होल्टेजच्या टॉलरन्सची, मूळ किंमत १ मायक्रोव्होल्ट आहे. तुम्ही विस्थापनाचा नोड मीटरमध्ये ठेवला, म्हणजे १ व्होल्ट बरोबर १ मीटर धरला, तर १ जी चे १० नॅनोमीटर म्हणजे ०.०१ मायक्रोव्होल्ट. सिम्युलेटरच्या दृष्टीने ते शून्यच आहे. तो पहिल्याच फेरीत उत्तर जुळले म्हणून सांगतो आणि पुढे जातो. व्हेरिलॉग-ए वाल्यांनीही हसू नये. तिथल्या प्रमाणित फाइलमध्ये पोझिशनची टॉलरन्स १ मायक्रोमीटर आहे. तुमचा पूर्ण गॅप २ मायक्रोमीटर! ती फाइल गाड्या आणि मोटारी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असावी, असे मला नेहमी वाटते. चार्जची टॉलरन्स १० फेम्टोकूलंब. तुमचा १ जी चा सिग्नल एका बाजूला १८ फेम्टोकूलंब.

उपाय सोपा आहे, पण पहिल्या दिवशी करायचा असतो. विस्थापन मायक्रोमीटरमध्ये किंवा थेट नॅनोमीटरमध्ये, बल नॅनोन्यूटनमध्ये, चार्ज पिकोकूलंबमध्ये ठेवा, म्हणजे नोडवरचे आकडे साधारण ०.०१ ते १०० मध्ये राहतील. टॉलरन्स घट्ट करून भागवायला गेलात तर तीच टॉलरन्स ऑप-ॲम्पच्या ट्रान्झिस्टरांनाही लागते आणि कन्व्हर्जन्स बिघडते. कुठलाही निकाल लिहिण्यापूर्वी रेलटॉल (सापेक्ष टॉलरन्स) दहापट कमी करून तोच रन पुन्हा करा. उत्तर हलले तर आधीचे उत्तर सिम्युलेटरचे होते, तुमच्या सेन्सरचे नव्हे.

इंटिग्रेशनची पद्धतही निवडावी लागते. गिअर पद्धत स्वतःच थोडी ऊर्जा खाते, त्यामुळे उच्च क्यूचा रेझोनेटर तिच्यात अकारण विझतो. ट्रॅपेझॉइडल पद्धत ऊर्जा जपते, पण वस्तुमान स्टॉपरवर आदळले की पुढे करवतीसारखी खोटी लहर काढत राहते. रेझोनेटर असेल तर ट्रॅपेझॉइडल आणि बारीक पावले, आदळआपट असेल तर गिअर. तुमचा ॲक्सेलरोमीटर डॅम्प्ड आहे, कुठलीही चालेल.

वेळेचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. यंत्र ५ किलोहर्ट्झचे, क्लॉक १ मेगाहर्ट्झचा. ॲक्सेलरोमीटरला काही मिलिसेकंद पुरतात, म्हणून निभावते. जायरोस्कोपमध्ये मात्र ड्राइव्ह मोड २० किलोहर्ट्झ आणि क्यू १०,००० असेल तर टाइम कॉन्स्टंट ०.१६ सेकंदाचा होतो. पाच टाइम कॉन्स्टंट थांबायचे आणि क्लॉकच्या प्रत्येक आवर्तनात ५० बिंदू घ्यायचे, म्हणजे ४ कोटी बिंदू. ट्रान्झिस्टर-स्तरावर कोणी असे करत नाही. आधी सिम्युलिंकमध्ये किंवा व्हेरिलॉग-ए च्या साध्या ॲम्प्लिफायरने पूर्ण लूप बसवतात आणि मग स्थिरावलेल्या अवस्थेची सुरुवातीची स्थिती देऊन खऱ्या सर्किटचे थोडेच आवर्तन चालवतात. पीरिॲडिक स्टेडी स्टेटची (स्थिरावलेले आवर्तन थेट काढण्याची) सोय असलेला सिम्युलेटर मिळाला तर कॅरिअरसह नॉइजसुद्धा नीट काढता येतो.

नॉइजवरून डॅम्पिंगकडे येतो. यांत्रिक भाग सर्किटच्या भाषेत लिहिण्याची जुनी रीत तुम्हाला माहीत असेल: बल म्हणजे व्होल्टेज, वेग म्हणजे करंट, वस्तुमान म्हणजे इंडक्टर, स्प्रिंग म्हणजे कपॅसिटर, डॅम्पर म्हणजे रेझिस्टर. यात एक सुंदर गोष्ट फुकट मिळते. सिम्युलेटर रेझिस्टरला जो थर्मल नॉइज लावतो, तोच हवेच्या रेणूंच्या धडकांमुळे वस्तुमानावर येणाऱ्या नॉइज बलाचा बरोबर आकडा असतो, कारण दोन्हीमागचे भौतिकशास्त्र एकच आहे. तुमच्या फिंगरांच्या गॅपमधून हवा दाबली जाऊन होणारे डॅम्पिंग लांब पट्टीच्या सूत्राने काढले तर साधारण ०.६ मिलिन्यूटन-सेकंद प्रति मीटर येते. म्हणून ०.६ मिलिओहमचा रेझिस्टर घाला. क्यू दीडच्या आसपास येईल, नॉइज बल ३.२ पिकोन्यूटन प्रति वर्गमूळ हर्ट्झ, आणि त्वरणात मोजले तर ११ मायक्रो-जी प्रति वर्गमूळ हर्ट्झ. वर सांगितल्याप्रमाणे एकके बदलली असतील तर हा रेझिस्टरही त्याच पटीत बदलायचा आणि नॉइजचा आकडा हाताने पडताळायचा. व्हेरिलॉग-ए मध्ये डॅम्पर समीकरणाने लिहिला तर मात्र नॉइज आपोआप येत नाही, व्हाइट नॉइजचा स्रोत वेगळा लिहावा लागतो. कित्येक अहवालांत सेन्सरचा नॉइज शून्य दिसतो तो यामुळे.

गॅप २ मायक्रोमीटरचा आणि हवेच्या रेणूंची सरासरी मुक्त धाव सुमारे ०.०७ मायक्रोमीटर. त्यामुळे हवेची परिणामी श्यानता वातावरणाच्या दाबालाच १६ टक्क्यांनी कमी भरते (वरच्या आकड्यात ते धरले आहे), आणि पॅकेजमध्ये दाब एक दशांश केला तर ती जवळजवळ पावपट होते. यासाठी वेयोला आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेले सूत्र आजही सर्रास वापरले जाते. त्याच लेखात दबलेल्या हवेचे समतुल्य सर्किटही आहे. कारण हवा फक्त डॅम्पर नाही, वेगाने दाबली तर ती स्प्रिंगही होते. ५ किलोहर्ट्झला आणि इतक्या अरुंद फिंगरांना नुसता रेझिस्टर पुरतो. रुंद प्लेटच्या मायक्रोफोनला पुरत नाही.

पुल-इनजवळ सिम्युलेशन कोसळते, त्याचे कारण बहुधा असे असते: न्यूटनच्या फेऱ्यांत विस्थापनाचा अंदाज गॅपच्या पलीकडे जातो, तिथे समांतर प्लेटचे सूत्र ऋण कपॅसिटन्स देते, आणि गणिताला तिथेही एक उत्तर सापडते. म्हणून स्टॉपर मॉडेलमध्ये हवाच. गॅपच्या आधी कुठेतरी कडक स्प्रिंग सुरू होऊ द्या, आणि ती ‘जर-तर’ ने एकदम नको, गुळगुळीत फलनाने सुरू करा. पुल-इनचा पूर्ण वक्र हवा असेल तर डीसी स्वीपमध्ये व्होल्टेज चढवू नका. विस्थापन ठरवा आणि त्याला लागणारे व्होल्टेज काढायला सांगा. वक्र वळतो तिथेही मग काही अडत नाही.

कॉम्सॉल आणि स्पाइस थेट जोडण्याबद्दल: शक्य आहे, करू नका. फायनाइट एलिमेंटच्या मॉडेलमध्ये लाखभर अज्ञाते असतात आणि सर्किट प्रत्येक नॅनोसेकंदाला उत्तर मागते. तुमच्या वस्तुमानाला महत्त्वाची हालचाल एकच आहे. फार तर तिरके होण्याचे आणखी दोन मोड घ्या. कॉम्सॉलचे काम त्या मोडचे वस्तुमान, कडकपणा आणि कपॅसिटन्सचे फलन काढून देणे, आणि शेवटी एखाद्या बिंदूवर मॉडेलची पडताळणी करणे. बीम, प्लेट, कोम्ब असे तयार ठोकळे नोडने जोडून सर्किटसारखे मॉडेल करायचे असेल तर बर्कलीचे शुगर आणि कार्नेगी मेलनचे नोडास याच कल्पनेवर उभे राहिले होते, आणि कोव्हेंटरचे मेम्स प्लस ती कल्पना व्यापारी रूपात देते. लायसन्स नसेल तर एनजीस्पाइस पुरेसे आहे. ओपनव्हीएएफने व्हेरिलॉग-ए संकलित करून ते त्यात चालवता येते. यांत्रिक नोडही विद्युत नोड म्हणूनच लिहा, म्हणजे टॉलरन्सच्या फाइलचा वादच उरत नाही आणि मॉडेल कुठल्याही सिम्युलेटरमध्ये हलवता येते.

बंद लूप करायचा विचार असेल तर हे सगळे सक्तीचे होते. ॲनालॉग डिव्हायसेसच्या एडीएक्सएल५० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स इलेक्ट्रोस्टॅटिक बल लावून फिंगर मध्यभागी धरून ठेवत असे. तिथे सर्किट हीच स्प्रिंग होती. यंत्र वेगळे आणि सर्किट वेगळे सिम्युलेट करून तिची स्थिरता सांगता येणार नाही.

शेवटी मॉन्टे कार्लो (पॅरामीटर यादृच्छिक पसरवून केलेले अनेक रन), कारण प्रोजेक्टच्या अहवालात तो मागितला जातोच. कडकपणा १० टक्के, गॅप १० टक्के असे सुटे-सुटे पसरवू नका. दोघांचे मूळ एकच आहे, एचिंग. समजा स्प्रिंगची बीम ३ मायक्रोमीटर रुंद आहे आणि प्रत्येक कडेवरून ०.१ मायक्रोमीटर जास्त खाल्ले गेले. बीम २.८ ची झाली. कडकपणा रुंदीच्या घनावर असल्याने तो १९ टक्के घटला आणि रेझोनन्स १० टक्के खाली गेला. पण त्याच एचिंगने गॅप २ चा २.२ झाला. एक जी ला वस्तुमान जास्त सरकते, तर रुंद गॅपमुळे कपॅसिटन्स कमी बदलतो, आणि दोन्ही मिळून संवेदनशीलता दोनच टक्के हलते. एका बाजूचे पुल-इन व्होल्टेजही चारच टक्के वाढते. सुटा-सुटा पसरवलेला मॉन्टे कार्लो तुम्हाला संवेदनशीलतेत मोठा फैलाव दाखवेल आणि तुम्ही ॲम्प्लिफायरमध्ये विनाकारण ट्रिमिंगची सोय कराल. म्हणून मॉडेलला कडकपणा थेट देऊ नका. बीमची लांबी, रुंदी, गॅप आणि एक ‘जास्तीचे एचिंग’ असा पॅरामीटर द्या, बाकी सगळे त्यातून निघू द्या. रेझोनन्स आणि बँडविड्थचा फैलाव खरा आहे, फिल्टर त्याप्रमाणे ठेवा. सेन्सर आणि सर्किट वेगवेगळ्या वेफरवर असतील तर सीमॉसचे कॉर्नर (सर्किटच्या प्रक्रियेतल्या टोकाच्या शक्यता) या एचिंगशी जोडू नका, ते स्वतंत्रच पसरवा.